प्रादेशिक विमानकंपन्यांच्या वैमानिकांचे कामगारसंघर्ष (अमेरिका)

अमेरिकेत मोठ्या विमानकंपन्यांच्या नावाने व रंगात, पण कंत्राटावर, कमी पल्ल्याची उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांना प्रादेशिक विमानकंपन्या म्हणतात. १९९० नंतरच्या काळात या कंपन्यांच्या वैमानिकांनी वेतनासाठी आणि कामाच्या तासांसाठी व्यवस्थापनाशी लढे दिले. त्याच काळात ते मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांशी आणि शेजारच्या प्रादेशिक कंपनीतील सहव्यावसायिकांशीही झगडले. या दुसऱ्या प्रकारच्या संघर्षात दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच संघटनेच्या सभासद होत्या. या क्षेत्राच्या इतिहासात महत्त्वाची बाब हीच आहे.

सेवाज्येष्ठता : वैमानिकाचे वेतन, विमानाचा प्रकार, कप्तानपद, सुट्ट्या, इतकेच नव्हे तर कपातीत कोण आधी घरी जाणार हेही सेवाज्येष्ठतेच्या यादीतील क्रमांकावर ठरते. हा क्रमांक एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. पंधरा वर्षे कप्तान असलेला माणूस नव्या कंपनीत गेला की यादीच्या तळाशी आणि सहवैमानिकाच्या आसनावर जातो. त्यामुळे आपल्या कंपनीकडची उड्डाणे दुसरीकडे जाणे म्हणजे वैमानिकाला आयुष्याची कमाई जाणेच वाटते. पुढील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

स्कोप कलम : १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लहान मार्ग कंत्राटदारांकडे सोपवले. या कंत्राटदारांकडे सुरुवातीला मुख्यतः पंख्याची विमाने असत. १९९३ मध्ये कॉमेअर कंपनीने ५० आसनी कॅनडेअर जेट अमेरिकेत प्रथम वापरात आणले आणि मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना आपली कामे जातील अशी धास्ती वाटू लागली. कंत्राटदाराने किती आसनांची, किती वजनाची व किती विमाने उडवावीत याची मर्यादा त्यांनी आपल्या वेतनकरारात घालून घेतली. हेच स्कोप कलम. मर्यादा ५० वरून ७० व नंतर ७६ आसनांपर्यंत सरकली. कमाल उड्डाणवजन अनेक करारांत ८६ हजार पौंड (सुमारे ३९ टन) आहे. एम्ब्रेअरचे ई१७५-ई२ हे विमान या वजनात बसत नसल्याने त्याला अमेरिकी बाजारपेठ बंद राहिली. प्रादेशिक वैमानिकांच्या दृष्टीने या कलमाने त्यांच्या बढतीला छत घातले. मोठ्या कंपन्यांतील वैमानिक त्याला स्वस्त मजुरीविरुद्धची एकमेव भिंत मानतात.

फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी पुकारलेल्या संपात वादाचा मुख्य मुद्दा, जेट विमाने उपकंपनी अमेरिकन ईगलच्या वैमानिकांनी उडवावीत की नाही, हाच होता. अध्यक्ष क्लिंटन यांनी संप सुरू होताच काही मिनिटांत आणीबाणी मंडळ नेमून तो थांबवला. त्याच वर्षी ईगलच्या वैमानिकांनी १६ वर्षांचा करार स्वीकारला. ईगलमधून मोठ्या कंपनीत जाण्याची आणि तेथील कपातग्रस्तांनी ईगलमध्ये उतरण्याची वाटही तेव्हाच आखली गेली. तिच्या अर्थावरून दोन्ही बाजू पुढे वर्षानुवर्षे लवादापुढे भांडल्या.

कॉमेअरचा संप (२००१) : सिनसिनाटी विमानतळ हे कॉमेअरचे मुख्य केंद्र. जानेवारी २००० मध्ये डेल्टाने ही कंपनी पूर्णपणे विकत घेतली. कॉमेअर, डेल्टा आणि डेल्टाची दुसरी उपकंपनी अटलांटिक साउथईस्ट (एएसए) या तिन्हींचे वैमानिक एअर लाइन पायलट्स असोसिएशन (आल्पा, स्थापना १९३१) या एकाच संघटनेत होते. मालक एक, संघटना एक, तर ज्येष्ठतायादीही एकच असावी, अशी मागणी कॉमेअर व एएसएच्या वैमानिकांनी केली. संघटनेच्या नियमांत विलीनीकरणानंतर याद्या एकत्र करण्याची तरतूद होती, परंतु ही विलीनीकरणाची घटना नव्हे असे ठरवून संघटनेच्या कार्यकारी परिषदेने ती नाकारली. कॉमेअरच्या वैमानिकांना हा नकार लागला.

रेल्वे श्रम कायदा (१९२६, विमानकंपन्यांना १९३६ पासून लागू) मध्यस्थी संपेपर्यंत संपाला परवानगी देत नाही. मध्यस्थी फसल्यावर २६ मार्च २००१ रोजी सुमारे १,३५० वैमानिक संपावर गेले. वेतनाबरोबर निवृत्तिवेतन, विमानतळावर बसून घालवलेल्या तासांचा मोबदला आणि नोकरीची हमी या त्यांच्या मागण्या होत्या. कंपनीची सर्व उड्डाणे बंद पडली. संप ८९ दिवस चालला. संघटनेने संपकऱ्यांना भत्ता दिला आणि २२ जून रोजी सुधारित करार मंजूर झाला. वेतन वाढले, एकत्र यादी मिळाली नाही.

त्याच वर्षी कॉमेअर व एएसएच्या वैमानिकांच्या ‘रीजनल जेट डिफेन्स कोअ‍ॅलिशन’ या गटाच्या वतीने न्यूयॉर्कच्या पूर्व जिल्हा संघीय न्यायालयात स्वतःच्याच संघटनेविरुद्ध दावा दाखल झाला. मोठ्या कंपनीच्या सभासदांसाठी स्कोप कलमाची बोलणी करताना संघटनेने लहान कंपनीच्या सभासदांचे न्याय्य प्रतिनिधित्व केले नाही, हा त्यातील आरोप होता. न्याय्य प्रतिनिधित्वाचे हे कर्तव्य १९४४ च्या स्टील खटल्यात, कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांच्या तक्रारीवर, प्रस्थापित झाले होते. खुद्द कॉमेअर पुढे २९ सप्टेंबर २०१२ रोजी बंद झाली.

कंपन्यांमधील चढाओढ : मोठी कंपनी तेच उड्डाण अनेक कंत्राटदारांना देऊ शकते, ज्याचे वैमानिक कमी वेतन स्वीकारतील त्याच्याकडे नवी विमाने जातात. वैमानिक याला ‘व्हिपसॉ’ म्हणतात. २००२ मध्ये मेसा एअर ग्रुप या प्रादेशिक समूहाने फ्रीडम एअरलाइन्स ही संघटनेच्या कराराबाहेरील कंपनी उभारली. ट्रान्स स्टेट्स या प्रादेशिक कंपनीच्या मालकांनी २००४ मध्ये गोजेट काढली, कारण अमेरिकन एअरलाइन्सच्या स्कोप कलमामुळे ट्रान्स स्टेट्सला ७० आसनी विमाने उडवता येत नव्हती. अशा कंपनीत गेल्यामुळे गोजेटच्या वैमानिकांवर इतरांचा रोष होता. कामावर जाता-येता कॉकपिटमधील जादा आसनावर (जम्पसीट) बसू देणे हे कप्तानाच्या मर्जीवर असते, आणि ही सवलत त्यांना अनेकांनी नाकारल्याचे सांगितले जाते. २०१३ मध्ये पीएसए या प्रादेशिक कंपनीच्या वैमानिकांनी व्यवस्थापनाला सवलती देणारा करार स्वीकारला आणि त्यांच्या कंपनीला नवी विमाने मिळाली. मार्च २०१४ मध्ये पीएसएप्रमाणेच अमेरिकन एअरलाइन्सच्या समूहात असलेल्या ईगलच्या (पुढे एन्व्हॉय) वैमानिकांनी तसा करार फेटाळला, पण जानेवारी २०१५ मध्ये तेही नमले. दोन्हीकडची संघटना आल्पाच होती. २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सने कंत्राटी उड्डाणांसाठी एक्सप्रेसजेटऐवजी कम्यूटएअरला निवडले. स्कायवेस्ट या सर्वांत मोठ्या प्रादेशिक कंपनीचे वैमानिक आल्पात नाहीत.

हवाई बेटे : ही चढाओढ हवाई बेटांतही पोहोचली. मेसाची ‘गो!’ ही बेटांमधील सेवा २००६ मध्ये सुरू झाली. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या अलोहा एअरलाइन्सची प्रवासी उड्डाणे मार्च २००८ मध्ये थांबली.

वेतन व सुरक्षा : १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण बफेलोजवळ कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक स्त्रीचे वेतन वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर होते, असे चौकशीच्या सुनावणीत पुढे आले. कंपनीने जास्त आकडा दिला. नोकरीचे ठिकाण नेवार्क असताना ती सिएटलहून रातोरात प्रवास करून कामावर आली होती. थकव्याचा नेमका किती परिणाम झाला हे ठरवता येत नाही, असे चौकशी मंडळाने म्हटले. कमी वेतन व थकवा यांविषयी संघटना वर्षानुवर्षे वाटाघाटींत जे सांगत होती, ते ऐकले जायला एवढे मृत्यू व्हावे लागले. मृतांच्या कुटुंबीयांच्या पाठपुराव्यामुळे विमानसुरक्षेचा २०१० चा कायदा आला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. पूर्वी २५० तासांचा व्यावसायिक परवाना पुरत असे. पुढे वैमानिकांची टंचाई जाणवू लागली. ती या नियमामुळे की कमी वेतनामुळे, यावर कंपन्या व संघटना यांचे एकमत नाही. जून २०२२ मध्ये एन्व्हॉय, पीएसए व पीडमॉन्ट या अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकांचा दर तासाला ९० डॉलरपर्यंत नेला.

भारत : ज्येष्ठतेवरून असाच संघर्ष भारतातही झाला. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्यावर दोन्हींच्या वैमानिकांत ज्येष्ठता व बढतीवरून वाद झाला. त्यावर न्या. धर्माधिकारी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी मे ते जुलै दरम्यान इंडियन पायलट्स गिल्ड या मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेचा संप ५८ दिवस चालला. बोईंग ७८७ चे प्रशिक्षण कोणाला मिळावे हा त्यातील प्रमुख मुद्दा होता.