तारेच्या चाकाची कुळकथा

लांबच्या सफरीसाठी रिम निवडताना लोक आधी ती हातात घेऊन जड आहे का ते पाहतात. हा हिशेब बैलगाडीच्या चाकाचा आहे. तिथे ओझे खालच्या लाकडी आऱ्यावर दाब देते. सायकलचे चाक या कुळातून वेगळे निघाले ते 1869 मध्ये, पॅरिसच्या युजीन मेयरने तारेच्या आऱ्यांचे पेटंट घेतले तेव्हा. बारीक तार दाबली तर वाकते, म्हणून ती आधीच ताणून ठेवायची. ओझे आले की जमिनीकडच्या तारांचा ताण तेवढा उतरतो. तो पुरता संपला की तारा रिममध्ये आवळून धरणारे निपल सैल पडू लागतात. मेयरच्या तारा हबमधून सरळ बाहेर जात, त्यामुळे पायडलच्या जोराने हब पिळला जाई. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने 1874 मध्ये तारा तिरक्या, एकमेकींना छेदत बसवल्या. सफरीचे चाक आजही तसेच विणतात.

अशा चाकात रिमचे मुख्य काम सगळ्या तारांची आतली ओढ न वाकता, भोकांपाशी न चिरता सोसण्याचे. म्हणून दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियमची रिम बरी. पोलादी रिम भक्कम खरी, पण पावसात तिच्यावर ब्रेक धरत नाही. यावर कोणी म्हणेल, वीस तारांची चाकेही हल्ली धावतात. धावतात, पण शर्यतीत मागून सुटी चाके घेऊन गाडी येत असते. सामान लादलेल्या सायकलची एक तार तुटली तर छत्तीस तारांचे चाक गावापर्यंत नेते. वीसचे फ्रेमला घासू लागते. डिस्क ब्रेक असेल तर हलकी रिम चालेल, हा आक्षेप अर्धाच खरा. रिमची झीज वाचते, पण ब्रेकचा पीळ आता हबमधून तारांवर येतो, म्हणजे स्टार्लीचाच प्रश्न पुन्हा.

तारा तुटतात त्या बहुधा हबजवळच्या वाकावर, प्रत्येक फेरीला ताण उतरून-चढून धातू थकल्यामुळे. जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे मोजमापांसह मांडले. चाक विणल्यावर शेजारच्या तारा जोडीजोडीने हाताने घट्ट आवळाव्यात, हा त्यांचा आग्रह. त्याने वाकातला उरलेला ताण निघतो. नुसता आउट काढून, म्हणजे चाकाचा डोल घालवून, हे साधत नाही. रिम झिजली तर हब आणि धड तारा फेकू नका. त्याच मापाची, तितक्याच भोकांची रिम जुनीला चिकटून बांधा आणि एकेक तार तिच्यात सरकवा.