रायगड

महाराष्ट्र राज्यातील एक इतिहासप्रसिद्ध डोंगरी किल्ला व छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, महाडच्या उत्तरेस सु. २५ किमी. वर तो असून त्याची समुद्रसपाटीपासून उंची सु. ८२० मी. आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून हा डोंगर तुटलेला असून काळ व गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी तो वेढला आहे. घाटमाथ्यावरून वरंध, मढे इ. घाटांनी उतरणारा माल महाडच्या पेठेत येई व तेथून सावित्रीच्या खाडीने बाणकोटकडे जाई. या वाटांवर नजर ठेवता यावी आणि शत्रूला मात्र डोंगराच्या तुटलेल्या कड्यांशी थांबावे लागावे, अशी ही जागा आहे.

किल्ल्याचे जुने नाव रायरी. हा मुलूख प्रथम निजामशाहीत व १६३६ नंतर आदिलशाहीत मोडत होता. प्रत्यक्ष अंमल जावळीच्या मोरे घराण्याचा होता. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा चंद्रराव मोरे याने रायरीचा आश्रय घेतला. वेढ्यानंतर मे महिन्यात रायरी महाराजांच्या हाती आली.

रायगडास पंधरा नावे होती, असे सर्रास सांगितले जाते व त्यांची यादीही दिली जाते : रायरी, रायगिरी, राजगिरी, राहीर, इस्लामगड, नंदादीप, जंबुद्वीप, तणस, राशिवटा, बदेनूर, शिवलंका इत्यादी. या यादीचे मोल बेताचेच आहे. तीत एकाच नावाची रूपांतरे आहेत, गौरवपर विशेषणे आहेत आणि ‘पूर्वेकडील जिब्राल्टर’ यासारखी यूरोपीयांनी केलेली उपमाही नाव म्हणून शिरली आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने विचार करण्याजोगी नावे रायरी, रायगिरी व रायगड ही तीनच होत. ‘राय’ म्हणजे राजा. म्हणून राज्याभिषेकामुळे गडाला हे नाव पडले, अशी समजूत आढळते. ती टिकत नाही. कारण रायरी हे नाव मोऱ्यांच्या काळी, म्हणजे राज्याभिषेकाच्या निदान अठरा वर्षे आधी रूढ होते. ‘रायगिरी’तील ‘ग’चा प्राकृतातल्याप्रमाणे लोप होऊन ‘रायरी’ झाले असावे, हे अनुमान उच्चारशास्त्राला धरून आहे. ‘रायगिरी’ हे रूप जगदीश्वर मंदिराच्या संस्कृत शिलालेखात येते. त्या लेखात शके १५९६ (इ. स. १६७४) हे वर्ष शब्दांकांनी दिले असून बांधकाम हिरोजीने केल्याचे म्हटले आहे. तथापि श्लोककर्त्याने देशी नावाला संस्कृत वेष चढविला असणेही तितकेच शक्य आहे; तेव्हा केवळ या लेखावरून रायगिरी हे मूळ नाव ठरविता येत नाही. ‘गड’ हे उत्तरपद मात्र निश्चितपणे शिवकालीन होय. नवे नाव आल्याने जुने लगेच मागे पडले नाही. राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याच्या लेखनात गडाचा उल्लेख रायरी असाच आहे.

राजगडाहून राजधानी येथे हलल्यावर गडावर वाडे, कचेऱ्या, तलाव, मंदिर व पेठ असे एक नगरच उभे राहिले. पेठेच्या दोन समांतर रांगांची उंच जोती अद्याप दिसतात. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच ठेवली, ही कथा वाटाडे आवडीने सांगतात. पर्जन्यमान पाहता पाण्यापासून बचाव हे कारण अधिक पटते. ६ जून १६७४ रोजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच महिन्यात पायथ्याच्या पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. महाराजांचे निधन गडावरच झाले (३ एप्रिल १६८०).

नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांनी जिंकला; येसूबाई व बाल शाहू कैद झाले. औरंगजेबाने गडाचे नाव इस्लामगड ठेवले व पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. सु. ४४ वर्षे परकी अंमल राहूनही हे नाव लोकांच्या तोंडी रुळले नाही आणि जून १७३३ मध्ये मराठ्यांनी गड परत घेताच ते संपले. इंग्रजांनी मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या हाताखाली तोफांचा मारा करून गड घेतला. त्या वेळच्या आगीत बव्हंशी इमारती जळाल्या. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. तिला सुरक्षित जाऊ देण्यात आले. त्यानंतर गड ओस पडला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ सुरू केली व पुढील वर्षी येथे शिवउत्सव झाला.

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे करण्यात आले. कुलाबा हेही एका किल्ल्याचेच नाव, पण अलिबागच्या समुद्रातल्या. त्यामुळे जिल्ह्याची ओळख किनाऱ्यावरून डोंगराकडे सरकली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र अलिबागच राहिले. जुलै २०२५ मध्ये यूनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत रायगडाचा समावेश आहे.