चॉक्टॉ: नऊ करार आणि त्यानंतर

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील ज्या मूलनिवासी समाजांनी शस्त्रापेक्षा वाटाघाटींवर विसंबून आपली भूमी राखण्याचा प्रयत्न केला, त्यांत चॉक्टॉ लोकांचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. आजच्या मिसिसिपी राज्याचा मध्य व दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला अलाबामाचा पश्चिम पट्टा ही त्यांची मूळ भूमी होय. १७८६ ते १८३० या ४४ वर्षांत त्यांनी अमेरिकी सरकारशी नऊ करार केले आणि १८१३-१४ च्या क्रीक युद्धात त्यांचे योद्धे अँड्र्यू जॅक्सन यांच्या बाजूने लढले. तरीही जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जो स्थलांतर कायदा आला, त्याखाली पहिला करार ज्यांच्या गळ्यात मारण्यात आला ते चॉक्टॉच होते. हा इतिहास केवळ विस्थापनाची करुण कहाणी म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे. ती कहाणी खरी असली तरी अपुरी आहे, कारण करार मोडल्याचा दंश ज्यांनी सोसला त्यांच्यावरही पुढे एक करार पाळण्याची वेळ आली, आणि तो त्यांनी कसा पाळला हे पाहिल्याखेरीज या समाजाचे चित्र पुरे होत नाही.

चॉक्टॉ ही एका मूळ पुरुषापासून वाढलेली एकसंध जमात नव्हती. १५४० मध्ये हर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सेनानीची फौज या प्रदेशातून गेली, तेव्हा मातीचे प्रचंड उंचवटे बांधून त्यांवर सत्ताकेंद्रे वसवणारी जुनी संस्कृती अजून टिकून होती. ती विस्कटल्यानंतर निरनिराळ्या वस्त्यांतील लोक एकत्र येऊन सतराव्या शतकापर्यंत चॉक्टॉ संघ आकाराला आला, असे अभ्यासक मानतात. लोकपरंपरा मात्र उत्पत्तीचे स्थान नेमके दाखवते. मिसिसिपीतील विन्स्टन परगण्यात नानिह वाया नावाचे सुमारे २५ फूट उंचीचे मातीचे टेकाड आहे. एका कथेप्रमाणे लोक तेथेच भूगर्भातून वर आले, तर दुसऱ्या कथेप्रमाणे चाता आणि चिकासा हे दोन भाऊ पूर्वजांच्या अस्थी खांद्यावर वाहणाऱ्या समुदायाला घेऊन पश्चिमेकडून निघाले, दररोज रात्री रोवलेला पवित्र दांडा सकाळी ज्या दिशेला कललेला दिसे त्या दिशेला चालत राहिले, आणि जेथे तो सरळ उभा राहिला तेथे थांबले.

हा संघ पश्चिम, पूर्व आणि दक्षिण अशा तीन विभागांत वाटलेला होता आणि प्रत्येक विभागाचा वेगळा प्रमुख असे, ज्याला ‘मिंगो’ म्हणत. त्याची सत्ता हुकमाची नसून सभेत समजूत घालण्याची होती. कुळ आईकडून चाले. ‘इक्सा’ म्हणजे कुलगटाच्या आत लग्न निषिद्ध होते, आणि मुलांना वळण लावण्याची जबाबदारी बापापेक्षा मामावर अधिक असे. शेती स्त्रियांच्या हाती होती आणि शेतीचा कणा मका. वाळलेले दाणे लाकडी उखळात मुसळाने कांडायचे, मग बोरूसारख्या नदीकाठच्या वेताच्या टोपल्यांतून पाखडायचे आणि चाळायचे. पाखडण्याची टोपली वेगळी, चाळणीची वेगळी आणि खाली पडणारे पीठ धरण्याची परात वेगळी, असा तीन विणींचा संचच घरोघर असे. भरडलेला मका मांसाबरोबर मंद आचेवर तासन्‌तास शिजवून होणारी ‘तांची लबोना’ आजही समारंभाच्या पंगतीत असते, मात्र तिच्यातले डुकराचे मांस युरोपीय लोकांबरोबर आलेले आहे.

परक्या प्रवाशांना सर्वाधिक धक्का बसला तो अंत्यसंस्कारांचा. मृतदेह घराजवळच्या माचावर ठेवला जाई, काही महिन्यांनी या कामासाठीच नखे वाढवलेली माणसे अस्थी स्वच्छ करीत, त्या वेताच्या पेटाऱ्यात घालून गावाच्या अस्थिगृहात ठेवल्या जात आणि भोजन होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही रीत मागे पडत गेली, परंतु तिच्यामागची धारणा गेली नाही: जमीन आपली आहे, कारण आपली माणसे तिच्यात आहेत. ‘इश्ताबोली’ हा त्यांचा खेळही प्रवाशांच्या लिखाणात वारंवार येतो. दोन्ही हातांत टोकाला वाटीसारखी जाळी असलेली एकेक काठी घेऊन, चेंडूला हात न लावता, तो प्रतिपक्षाच्या खांबाला मारायचा असा हा खेळ असून त्यात शेकडो खेळाडू उतरत आणि गावागावांतील तंटे त्यावर मिटवले जात. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३४ मध्ये पश्चिमेतील नव्या प्रदेशात त्याची चित्रे काढली, म्हणजे देश सुटला तरी खेळ सुटला नव्हता.

अठराव्या शतकात चॉक्टॉंनी फ्रेंच आणि इंग्रज या दोन सत्तांमधील स्पर्धेचा शिताफीने उपयोग केला. त्याची किंमतही मोठी पडली; कोणाशी व्यापार करावा या वादातून १७४७ ते १७५० या काळात त्यांच्यातच यादवी युद्ध पेटले. तथापि खरा फास तलवारीचा नव्हता, उधारीचा होता. बंदुका, दारूगोळा, कापड आणि मद्य यांच्या बदल्यात हरणांची कातडी द्यायची, हरणे कमी झाली की वहीत देणे चढत जायचे, आणि देणे फेडण्यासाठी जमीन द्यायची, अशी ही साखळी होती. १८०५ च्या माउंट डेक्स्टर करारात चॉक्टॉंनी सुमारे ४१ लाख एकर जमीन दिली. मोबदल्याच्या ५०,५०० डॉलरांपैकी ४८,००० डॉलर थेट व्यापाऱ्यांचे कर्ज फेडण्यात गेले. जमिनीची विक्री असे या व्यवहाराला म्हणण्यापेक्षा सावकाराची जप्ती म्हणणे अधिक रास्त ठरेल.

या काळातील सर्वांत प्रभावी नेता पुश्मताहा. १८११ मध्ये शॉनी नेता टेकुमसे सर्व जमातींची एकजूट उभारण्यासाठी आला असता पुश्मताहाने त्याला विरोध केला आणि चॉक्टॉंना अमेरिकेच्या बाजूला ठेवले. १८२० मध्ये डोक्स स्टँड येथे जॅक्सन यांनी मिसिसिपीतील जमिनीच्या बदल्यात पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेश देऊ केला, तेव्हा आपण तेथे शिकार केली असून त्यातील काही भागात गोरे वसाहतवाले आधीच बसलेले आहेत, हे पुश्मताहाने त्यांना सुनावले. ते खरे निघाले, आणि त्यातून उद्भवलेला तंटा मिटवण्यासाठी वॉशिंग्टनला गेलेला हा वृद्ध नेता २४ डिसेंबर १८२४ रोजी तेथेच मरण पावला. काँग्रेसच्या दफनभूमीत त्याला लष्करी इतमामाने पुरण्यात आले. सन्मानात कसर नव्हती.

१८३० च्या जानेवारीत मिसिसिपी राज्याने आपले कायदे चॉक्टॉ प्रदेशाला लागू करून जमातीची सत्तापदे रद्द केली आणि जो कोणी प्रमुख म्हणून वागेल त्याला १,००० डॉलरपर्यंत दंड व वर्षापर्यंत कैद ठरवली. मे महिन्यात स्थलांतर कायदा मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये डान्सिंग रॅबिट क्रीक या ओढ्याकाठी हजारो चॉक्टॉ जमले असता समोर युद्धमंत्री जॉन ईटन आणि जनरल जॉन कॉफी होते. मिशनऱ्यांना सभास्थानी येण्यास मनाई करण्यात आली, जुगारी आणि दारू विकणारे मात्र मोकळे फिरत होते. सरकारला कोणाचा सल्ला नको होता हे यावरून उघड होते. नंतर नोंदवल्या गेलेल्या आठवणींप्रमाणे वाटाघाटींच्या वर्तुळात मध्यभागी वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या आणि जमीन देण्याच्या बाजूने बोलणाऱ्या एका पुरुषावर त्यांच्यातली एक संतापून धावून गेली. बहुसंख्य लोकांनी नकार दिला आणि सभा आटोपली असे समजून बरेच जण घरी परतले. मागे राहिलेल्यांना राज्याच्या कायद्याखाली चिरडले जाण्याचा धाक घालून २७ सप्टेंबर १८३० रोजी सह्या घेण्यात आल्या, आणि सुमारे १ कोटी १० लाख एकर भूमी चॉक्टॉंच्या हातून गेली.

या कराराचे चौदावे कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या कुटुंबप्रमुखाला मिसिसिपीतच राहायचे असेल त्याने सहा महिन्यांत सरकारी एजंटाकडे नाव नोंदवावे, म्हणजे त्याला ६४० एकर जमीन आणि राज्याचे नागरिकत्व मिळेल, असे त्यात म्हटले होते. हे कलम नसते तर सह्या झाल्या असत्या की नाही, याची शंकाच आहे. परंतु विल्यम वॉर्ड या एजंटाने अर्जदारांना परतवून लावले आणि नोंदी धड ठेवल्या नाहीत. हजारोंनी राहण्याची इच्छा असूनही त्याच्या यादीत अवघी ६९ नावे राहिली. कराराचा भंग करण्यासाठी सैन्य लागत नाही, एक बेपर्वा कारकून पुरतो.

१८३१ ते १८३३ या काळात सुमारे १२ ते १५ हजार लोक तीन टप्प्यांनी आजच्या ओक्लाहोमाकडे नेण्यात आले. पहिल्याच हिवाळ्यात अर्कान्सामध्ये हिमवादळाने त्यांना गाठले, दुसऱ्या वर्षी कॉलरा आला, आणि एकूण सुमारे २,५०० जण वाटेतच मेले असा अंदाज केला जातो. फ्रेंच विचारवंत अलेक्सी द टॉकव्हिल यांनी मेंफिस येथे आजारी, म्हातारी आणि नुकतीच जन्मलेली माणसे नदी ओलांडताना पाहिली आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले.

नव्या भूमीत पोचल्यावर लगेच, १८३४ मध्ये, चॉक्टॉंनी लिखित राज्यघटना केली आणि पुढील दशकात मुलामुलींसाठी शाळा उघडल्या. १८४७ च्या मार्चमध्ये स्कलीव्हिल येथील सभेत आयर्लंडमधील दुष्काळग्रस्तांसाठी १७० डॉलर जमले. त्यात चॉक्टॉंबरोबर मिशनरी, एजंट आणि व्यापाऱ्यांचीही वर्गणी होती. आयरिश लोक ही मदत विसरले नाहीत. कॉर्क परगण्यातील मिडल्टन येथे गरुडाच्या नऊ पोलादी पिसांचे स्मारक उभे आहे, आणि २०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी ओक्लाहोमात जाऊन चॉक्टॉ विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. वराडकरांचे पितृकुल मालवण तालुक्यातील वराड गावचे असल्याने या दूरच्या ऋणानुबंधात कोकणचेही एक नाव, योगायोगाने का होईना, जोडले गेले आहे.

या दानशूरतेच्या वर्णनात एक गोष्ट सहसा झाकली जाते. चॉक्टॉंमधील धनिक कुटुंबांनी कापसाच्या शेतीबरोबर गुलामगिरीही स्वीकारली होती, आणि पश्चिमेकडच्या प्रवासात त्यांच्याबरोबर आफ्रिकी वंशाचे गुलामही चालले. डान्सिंग रॅबिटच्या करारावर सही करून स्वतः मात्र मिसिसिपीतच राहिलेले ग्रीनवूड लफ्लोर शेकडो गुलामांचे मालक होते. १८६० मध्ये चॉक्टॉ राष्ट्रात सुमारे २,३०० गुलाम होते आणि पुढच्याच वर्षी या राष्ट्राने अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या गुलामवादी संघाशी हातमिळवणी केली. पराभवानंतर १८६६ चा करार झाला. याच वाटाघाटींत ॲलन राइट या चॉक्टॉ नेत्याने नव्या प्रदेशासाठी ‘ओक्लाहोमा’ हे नाव सुचवले. मुक्त झालेल्या गुलामांना हक्क आणि माणशी ४० एकर जमीन द्यावी, असे या कराराने सांगितले. तसा कायदा करायला चॉक्टॉ परिषदेला १८८३ साल उजाडले.

शतकाच्या शेवटी संघराज्य सरकारने सामाईक जमीन मोडून ती व्यक्तींना वाटली आणि त्यासाठी डॉज आयोगाने याद्या केल्या, ज्यांत ‘रक्ताचे’ चॉक्टॉ आणि मुक्त गुलाम यांना वेगवेगळ्या सदरांत टाकले. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि चॉक्टॉ शासनाच्या हाती नाममात्र अधिकार उरले. त्यानंतर ११ वर्षांनी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जर्मन सैन्य दूरध्वनीच्या तारा चोरून ऐकत असल्याचे लक्षात येताच अमेरिकी सेनेच्या ३६ व्या डिव्हिजनने चॉक्टॉ सैनिकांना यंत्रावर बसवून त्यांच्या भाषेत निरोप पाठवले. लष्करी शब्द भाषेत नसल्याने तोफखान्याला ‘मोठी बंदूक’, मशीनगनला ‘भराभर मारणारी छोटी बंदूक’ आणि बटालियनांना मक्याचे एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे असे संकेत ठरले. मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले ते मात्र १९२४ मध्ये.

मिसिसिपीत मागे राहिलेल्यांची गोष्ट निराळी आहे. जमीन गेल्यावर ते दलदलीच्या कडेला राहून गोऱ्यांच्या शेतांवर वाट्याने राबले. वर्णभेदाच्या व्यवस्थेत ना गोऱ्यांच्या शाळेत जागा, ना काळ्यांच्या शाळेत जाण्याची तयारी, अशी त्यांची कोंडी झाली. परंतु याच एकटेपणामुळे भाषा, टोपल्यांची वीण आणि चेंडूचा खेळ तेथे अधिक घट्ट टिकले. १९४५ मध्ये त्यांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता मिळाली, आणि १९७९ पासून प्रमुख असलेल्या फिलिप मार्टिन यांनी मोटारींच्या विद्युत तारा जोडण्यापासून शुभेच्छापत्रांपर्यंतचे कारखाने आणून वस्तीला रोजगार दिला. २००८ मध्ये नानिह वायाची जागा त्यांना परत मिळाली.

ओक्लाहोमातील चॉक्टॉ राष्ट्राचे आज दोन लाखांहून अधिक सदस्य आहेत. एप्रिल २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने निर्णय दिला की जुन्या करारांनी स्थापलेले चॉक्टॉ आरक्षित क्षेत्र काँग्रेसने कधीच रद्द केलेले नसल्यामुळे ते अजून अस्तित्वात आहे. १८६६ च्याच कराराकडे बोट दाखवून मुक्त गुलामांचे वंशजही सदस्यत्व मागत आहेत; १९८३ ची चॉक्टॉ राज्यघटना मात्र ‘रक्ताच्या’ यादीतील पूर्वज असल्याशिवाय सदस्यत्व देत नाही. २०२१ च्याच मे महिन्यात प्रमुख गॅरी बॅटन यांनी या प्रश्नाचा विचार सुरू करण्याचे जाहीर केले. मात्र राज्यघटनेतील ते कलम बदलायचे तर निर्णय चॉक्टॉ मतदारांनाच घ्यावा लागेल.