तीन पेडांची वेणी
मद्रास विद्यापीठातील एका संशोधनाचा इतिहास

मद्रासेत (नाव बदलून चेन्नई झाले तरी आमच्या तोंडी अजून मद्रासच आहे) स्थायिक झालेल्या मराठी माणसाने लेखणी हाती घेतली की ती बहुधा तंजावरकडे वळते. सरफोजीराजे आणि सरस्वती महाल हे विषय आम्हां सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहेत आणि ते तसे असणे योग्यच होय. तथापि ज्या शहराने आम्हांस पोटापाण्याला लावले, तेथील विद्यापीठात घडलेल्या एका थोर संशोधनाची हकीकत मराठीत सांगावी, असे या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्हांस वाटले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा शास्त्रीय बारकाव्यांत वाचकांनी आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

१९५२ साली मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे भौतिकी विभागासाठी प्राध्यापकाच्या शोधात होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शिष्य गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन याचे नाव सुचविले. एर्नाकुलम येथे १९२२ साली जन्मलेला हा तरुण केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन बंगलोरला परतला होता. तिशीच्या उंबरठ्यावरील माणसाच्या हाती मुदलियारांनी सबंध विभाग सोपविला. उभी हयात सेवानियमांच्या सावलीत काढलेल्या आमच्यासारख्यांस या निर्णयाचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

संशोधनाचा विषय मिळाला तो इंग्लंडहून आलेल्या प्रा. बर्नाल यांच्याशी झालेल्या चर्चेतून. कोलॅजन या प्रथिनाच्या रचनेविषयी तोवर मांडलेली एकही कल्पना समाधानकारक नाही, असे त्यांनी सांगितले. त्वचा, हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांचे बळ या प्रथिनात असते. कमावलेले चामडे म्हणजे मुख्यतः तेच. गिंडीला विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती, हा योग मोठाच म्हणावयाचा. तेथून शार्क माशाच्या परांतील कोलॅजन मिळाले. पुढे कांगारूच्या शेपटीतील कंडरेवरून क्ष-किरणांची अधिक स्पष्ट चित्रे घेता आली.

रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांना खरा धागा सापडला तो एका साध्या रासायनिक हिशेबात. कोलॅजनमधील अमिनो आम्लांपैकी सुमारे एकतृतीयांश ग्लायसीन असते, आणि ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. प्रत्येक तिसऱ्या जागी तेच का यावे? तीन साखळ्या एकत्र गुंफल्या, तर आतल्या गाभ्यात प्रत्येक तिसरा घटक येतो. तेथे ग्लायसीनहून मोठे काही मावतच नाही. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ही तीन पेडांची रचना ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी तीत सुधारणा केली. हे पेड नुसते शेजारी उभे नसून वेणीसारखे एकमेकांभोवती सावकाश पीळ घेतात, असे त्यांनी दाखविले.

येथे वादास तोंड फुटले. १९५५ मध्येच रिच आणि क्रिक यांनी केंब्रिजहून आपली रचना मांडली. कल्पना तीच, तीन पिळलेल्या पेडांची. परंतु मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या वाजवीपेक्षा जवळ येतात, दर तीन घटकांमागे हायड्रोजन बंध दोन नसून एकच असला पाहिजे, असा त्यांचा आक्षेप. १९९४ साली स्फटिकावरून तपशीलवार रचना हाती आली तेव्हा पेड तीनच निघाले आणि थेट बंध एकच. म्हणजे बंधांच्या बाबतीत आक्षेप बरोबर होता. पण मूळ कल्पनेचे श्रेय निःसंशय गिंडीचे, आणि ते सांगताना पाश्चात्त्य ग्रंथांनी पुष्कळदा हात आखडता घेतला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामचंद्रन यांनी मात्र उत्तर-प्रत्युत्तरांत सारा काळ घालविला नाही. ‘फार जवळ’ म्हणजे नेमके किती जवळ, हा प्रश्न त्यांनी मुळापासून हाती घेतला. ज्ञात स्फटिकरचनांतून निरनिराळ्या अणूंमधील किमान अंतरे त्यांनी गोळा केली. प्रथिनाची साखळी प्रत्येक सांध्यापाशी दोन कोनांत वळू शकते. कोणत्या कोनजोड्यांत अणू एकमेकांवर आदळत नाहीत, याचा हिशेब सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी मांडला. संगणकाची चैन नव्हती; आकडेमोड हाताने चालवायच्या यंत्रावर होई. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या नकाशाचा बहुतांश भाग निषिद्ध ठरला. मोकळी राहिली ती काही थोडी बेटे. त्या वेळी जगात रचना उलगडलेली प्रथिने बोटांवर मोजण्याइतकीच होती. पुढे उलगडलेल्या रचनांची संख्या दोन लाखांवर गेली, तरी नव्या प्रत्येक रचनेची परीक्षा ‘रामचंद्रन आलेखा’वर होतेच. बहुसंख्य बिंदू त्या बेटांबाहेर पडले, तर संशोधकाने आपले काम पुन्हा तपासावे, असा दंडक आहे.

कर्था पुढे अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये रायबोन्यूक्लीएझ या प्रथिनाची रचना उलगडणाऱ्या तिघांत ते होते. मुदलियारांची कुलगुरुपदाची प्रदीर्घ कारकीर्द १९६९ मध्ये संपली. त्यानंतर लवकरच रामचंद्रनही मद्रास सोडून बंगलोरला गेले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. क्ष-किरणांच्या छायांवरून वस्तूची अंतर्रचना गणिताने उभी करण्याची जी रीत त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये मांडली, ती आज रुग्णालयांतील सीटी स्कॅनशी संबंधित म्हणून ओळखली जाते. १९७७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. अखेरचे दिवस त्यांनी मद्रासेतच काढले. येथेच एप्रिल २००१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. गिंडीचा तो विभाग स्फटिकशास्त्र आणि जीवभौतिकी या नावाने आजही चालू आहे.