स्किझोफ्रेनिया : कारणांचा जैविक शोध
स्किझोफ्रेनिया ऊर्फ छिन्नमनस्कता या आजाराचा कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला तर दुसऱ्याला होतोच असे नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासात ७६,७५५ रुग्णांच्या डीएनएवरून २८७ जनुकीय स्थाने पुढे आली. प्रत्येकाचा वाटा अल्प आणि नमुने बहुतांश युरोपीय वंशाचे. त्यावरून भारतातल्या एखाद्या रुग्णाचे भाकीत करणे घाईचे.

पुण्यात निराळी वाट धरली गेली. प्रभाकर रांजेकर आणि अमेरिकास्थित साहेबराव महाडिक यांच्या गटाने रुग्णांच्या तांबड्या पेशींची आवरणे तपासली. औषध सुरू होण्याआधीच रक्त घेतले, हा या कामाचा कणा. एरवी दिसलेला बदल आजाराचा की गोळ्यांचा, हे उमगत नाही. या आवरणांत डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल कमी आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांच्या जोडीला ओमेगा-३ आणि ई व सी जीवनसत्त्वे चार महिने दिल्यावर लक्षणे उतरली. पण चाचणी खुली होती, म्हणजे काय दिले जाते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

मराठवाड्यातल्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ भरपूर, मात्र ते एएलए या रूपात असते आणि शरीर त्याचे डीएचए फारच थोडे बनवते. चटणी खावी, उपचार म्हणून नव्हे.