पोरीच्या पाटीचा हिशेब

'मायबाप अडाणी, पोट्टीले शाळेत धाडत नाहीत, म्हणून बाया निरक्षर राहिल्या.' हे वाक्य आपण सायबाच्या भाषणात ऐकलं, मास्तराच्या तोंडून ऐकलं. आता आपलीच शिकलेली पोरं ते बोलू लागली आहेत. मी ब्रह्मपुरीच्या एका भातगिरणीतला कामगार. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे वाचलं ते पाळी संपल्यावर, उसनी पुस्तकं आणून. पण जेवढं वाचलं त्यावरून सांगतो, हे वाक्य खोटं आहे. ते कुणाच्या सोयीचं आहे हे आपण एकदा नीट तपासू.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांमुलींसाठीही शाळा निघाल्या. तिथं शिकणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. काही वर्षांची शाळा झाली नाही तोच या पोरीनं थेट धर्माला जाब विचारला. वेद वाचायचा हक्क आम्हाला नाही, तर आमचा धर्म तरी कोणता, असं ती विचारते. डोक्यावर छप्पर नसताना आमच्या बाया बाळंत होतात, त्यांचे हाल ती लिहिते. मुक्तेचे मायबाप आपल्या मायबापांपेक्षा कमी अडाणी होते काय? दार उघडलं तेव्हा त्यांनी पोरीला आत पाठवलं, एवढंच.

मग दार बंद कुणी ठेवलं? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात उत्तर आहे. तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मुलींच्या शिक्षणाला हात सैल सोडा, असं मागितलं. कुणी ऐकलं नाही. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं, तेही १९१२ मध्ये पाडलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. एका लहान संस्थानाला जमलं ते साम्राज्याला का जमू नये?

आता आपल्या मुलखाकडे या. ब्रह्मपुरीहून नागपूरला जाताना नागभीड, भिवापूर आणि मग उमरेड लागतं. या उमरेडला १८९२ साली जाईबाई चौधरी जन्मल्या. दुष्काळात घरचे नागपूरला आले. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी जाईबाईंनी डोक्यावर ओझी वाहिली, नागपूर ते कामठी, पायी. हमाली करणाऱ्या या बाईला एका मिशनरी बाईनं लिहायला-वाचायला मदत केली आणि महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमलं. मास्तरीण महार आहे हे कळल्यावर स्पृश्य पालकांनी आपली पोरं काढून घेतली. नोकरी गेली.

इथं थांबून विचार करा. पोरांना शाळेतून काढणारे हे पालक कोण? अडाणी म्हणून ज्यांची यादी केली जाते त्यात त्यांचं नाव नसतं.

जाईबाई पुन्हा ओझी वाहायला गेल्या नाहीत. नागपुरात त्यांच्या आधी किसन फागूजी बनसोड्यांनी १९०७ साली मुलींसाठी शाळा काढली होती. जाईबाईंनी १९२२ मध्ये संत चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. मोठमोठ्या घरच्या शिकलेल्या बाया आल्या, स्त्रियांच्या उद्धारावर बोलल्या आणि जेवायच्या वेळी जाईबाईंची पंगत वेगळी मांडली. आपल्या बायांनी गप्प बसून जेवण गिळलं नाही. १ जानेवारी १९३८ ला निषेधाची सभा घेतली.

पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरातच दलित महिलांची परिषद झाली. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. बाबासाहेब बोलले. समाज किती पुढे गेला हे आपण त्याच्या बाया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशीचे ठराव बघा: घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त बायका करण्यावर बंदी, गिरणी आणि बिडी कारखान्यातल्या बायांना रजा, भरपाई, पेन्शन, आणि सोबत मुलींचं शिक्षण आणि वसतिगृहं. शाळेची मागणी आणि मजुरीची मागणी एकाच मांडवात झाली. हे गिरणीतल्या माणसाला लवकर समजतं.

१९५० ला संविधान आलं. कलम ४५ मध्ये लिहिलं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. म्हणजे मुदत १९६० पर्यंत. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांत पंधरा साक्षर होत्या आणि अनुसूचित जातीच्या शंभर बायांत तीन. १९८१ ला तीस आणि अकरा. २०११ ला पासष्ट आणि छप्पन. दहा वर्षांत जे द्यायचं त्याचा कायदा २००९ ला झाला आणि १ एप्रिल २०१० ला लागू झाला. पन्नास वर्षं उशीर! क्युबाही गरीबच देश. त्यांनी १९६१ मध्ये लाखभर शिकणारी पोरं-पोरी खेड्यांत पाठवली. एका वर्षात निरक्षरता तेवीस-चोवीस टक्क्यांवरून चारच्या आसपास आणली, असा त्यांच्या सरकारचा हिशेब आहे. त्यांनी पोरांच्या हाती कंदील आणि पुस्तक दिलं. आपल्याकडे मायबापांवर ठपका ठेवला.

आणि आज? ब्रह्मपुरी शिक्षणाचं गाव म्हणून ओळखली जाते. नेवजाबाई हितकारिणी, एका बाईच्या नावानं शाळा आणि कॉलेज इथं आहे. पण गावापासून चार-पाच कोस आत जा. रोवणीच्या दिवसांत माय बांधीत, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला. घरी लहान भावाला कोण सांभाळेल? थोरली पोट्टी. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, मधात जंगल, जंगलात वाघ. आपल्या भागात वाघानं माणूस मारल्याची बातमी दर वर्षी येते. अशा रस्त्यानं पोरीला एकटी न पाठवणारा बाप अडाणी की बस न पाठवणारा सायब? २०११ नंतर मानव विकासच्या बसगाड्या आल्या तेव्हा ज्या गावांना बस मिळाली तिथल्या पोरी शाळेत गेल्याच. मायबाप तेच होते.

१९९२ साली शासनानं गरीब दलित-आदिवासी पोरींना पहिली ते चौथी हजेरीचा भत्ता सुरू केला, दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो एक रुपयाच राहिला. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पोरांच्या तेराशेवर शाळा बंद करायचा निर्णय निघाला. लहान वाड्या-टोल्यांचा मुलूख कोणता? आपलाच.

माझ्यासोबत गिरणीत बाया काम करतात. धान वाळवतात, कोंढा झाडतात. चुकाऱ्याच्या दिवशी सगळ्या सही करतात. अंगठा कुणी देत नाही, त्याची लाज वाटते. पण सहीच्या वर लिहिलेला आकडा किती, हे त्यांतल्या कितीजणी वाचतात? तेंदूच्या फळीवर मुन्शी कार्डावर शेकड्याचा हिशेब लिहितो, तेव्हाही तेच. नुसती सही येणं म्हणजे साक्षर होणं, असं जनगणनाही म्हणत नाही. समजून वाचता-लिहिता आलं पाहिजे, अशी तिची व्याख्या आहे. पण ती सांगितलेलं लिहून घेते, परीक्षा घेत नाही. म्हणून टक्केवारी चढली की टाळ्या वाजवू नका. मुक्तेला सही शिकवली असती तर तो निबंध आला नसता.

तर मित्रांनो, जयंतीला स्टेज बांधता, बांधा. सोबत हेही करा. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत पाहिजे. आपल्या टोलीपासून ते अंतर पायानं मोजा आणि लिहून पंचायत समितीत द्या. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या कागदावर आहेत की बैठकीत, ते बघा. कागदावरच असतील तर आपल्या माय-बहिणींना घेऊन बैठकीत जाऊन बसा. आणि रात्री विहारात बायांना वाचायला शिकवायचं असेल तर गमभनपासून सुरू करू नका. मजुरीचं कार्ड समोर ठेवा. पहिला धडा त्यावरचा आकडा.

जयभीम.