रत्नागिरी जिल्ह्यातील स्थलांतर

रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई शहर, देशावरील संस्थाने, लष्कर, जहाजे व परदेश यांकडे झालेले लोकांचे निर्गमन, त्यास जोडूनच ठराविक ऋतूंत होणारे त्यांचे पुनरागमन आणि अन्य प्रांतांतून जिल्ह्यात होणारी लोकांची आवक, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचा दक्षिण भाग अलग करून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण करण्यात आला. तत्पूर्वीचे येथे दिलेले आकडे अविभक्त जिल्ह्याचे आहेत आणि ते पुढील आकड्यांशी ताडून पाहताना हा भेद ध्यानी ठेवणे इष्ट होय.

लोकसंख्या : जिल्ह्यातून माणसे बाहेर जातात, ही गोष्ट खानेसुमारीच्या तक्त्यांत दोन प्रकारे उमटलेली आढळते. पहिला प्रकार लोकसंख्येच्या वाढीचा. १८७२ मध्ये दहा लाखांच्या किंचित वर असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये दहा लाखांच्या किंचित खाली आली. आणि त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटल्यावर, २००१ मध्ये १६,९६,७७७ असलेली नव्या, लहान जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६,१५,०६९ इतकी, म्हणजे सुमारे पावणेपाच टक्क्यांनी कमी भरली. त्याच दशकात शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. दुसरा प्रकार स्त्री-पुरुष प्रमाणाचा. अविभक्त जिल्ह्यात १९६१ साली दर हजार पुरुषांमागे बाराशेंहून अधिक स्त्रिया होत्या व २०११ मध्येही रत्नागिरीत हे प्रमाण ११२२ होते. त्याच वर्षी सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत मात्र मुलींची संख्या मुलांहून कमी आढळली, यावरून स्त्रियांचे हे आधिक्य जन्माचे नसून पुरुषांच्या अनुपस्थितीचे आहे, हे उघड होते. तथापि खानेसुमारी माणसास ज्या ठिकाणी तो त्या वेळी राहतो त्या ठिकाणी मोजते. ज्याची पथारी परळात, सातबाऱ्यावरील नाव लांज्यात आणि पालखीचा मान वाडीत आहे, अशा माणसाचे नेमके ठिकाण कोणते, हे सांगण्याची सोय तिच्यात नाही, आणि रत्नागिरीच्या स्थलांतरितांत बहुसंख्या अशांचीच आहे.

कारणे : सह्याद्री व समुद्र यांमधील या चिंचोळ्या पट्टीत पाऊस विपुल पडतो, परंतु जमीन उताराची, जांभ्या दगडाची आणि पाणी न धरणारी आहे. खलाटीत भात होते. वरकस जमिनीवर राब भाजून नाचणी व वरी घ्यावी लागते आणि दोन-तीन पिकांनंतर ती काही वर्षे पडीक टाकावी लागते. लहान कुळाच्या घरी हे धान्य वर्षभर पुरत नसे. याच्या जोडीला खोतीची पद्धत होती. गावाचा वसूल सरकारात भरण्याची जबाबदारी पत्करलेला खोत कुळाकडून जमिनीच्या प्रतीप्रमाणे व कुळाच्या दर्जाप्रमाणे अर्धेल, तिर्धेल वा चौथेल घेई. शिवाय वेठही चाले. १८८० च्या खोती कायद्याने या हक्कांची नोंद व व्यवस्था लावली, पण ते संपविले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याच्या समर्थनार्थ कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. प्रत्यक्ष कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. माणसे जमिनीच्या नापिकीमुळे गेली की खोतीमुळे, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. जुन्या सरकारी अहवालांचा कल पहिल्या कारणाकडे व कुळांच्या पुढाऱ्यांचा दुसऱ्याकडे असणे स्वाभाविक होते. खोती गेल्यानंतरही निर्गमन थांबले नाही, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

प्रारंभीचे निर्गमन : पेशवाईच्या उदयाबरोबर चित्पावन कुटुंबांचा ओघ घाटावर सुरू झाला. कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकर घोरपड्यांच्या आश्रयास गेले आणि त्यांच्या वंशजांनी सांगली, मिरज, जमखंडी आदी संस्थाने स्थापिली. इचलकरंजीचे हे घोरपडेदेखील मूळचे वरवड्याचे जोशी. इंग्रजी अमलात हाच ओघ शाळा-कचेऱ्यांकडे वळला. चिखलगावच्या टिळकांचे कुटुंब १८६६ मध्ये रत्नागिरीहून पुण्यास गेले आणि त्याच वर्षी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले पुढे त्याच शहरात नामांकित झाले. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे कुमारवयात सरकारी परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस न बसविताच परत पाठविण्यात आले, ही हकिगत त्यांनीच नमूद केली आहे. मुंबईत स्थिरावल्यावर त्यांनी मुरूडकरांकडून त्यांच्या प्राप्तीचा लहानसा अंश गावासाठी घेणारा 'मुरूड फंड' चालविला; बाहेर गेलेल्यांनी गावाकडे वर्गणी पाठविण्याच्या पुढे सार्वत्रिक झालेल्या शिरस्त्याचे ते एक जुने उदाहरण होय.

लष्कर : मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातील मराठे व महार यांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. पेन्शनी महार सैनिकांची वस्ती दापोलीच्या जुन्या छावणीभोवती जमली होती. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ (डॉ. आंबेडकरांचे वडील) निवृत्तीनंतर काही काळ येथेच राहिले आणि गोपाळबाबा वलंगकरांचे अस्पृश्यतानिवारणाचे कार्यही येथूनच चालले. गावात जो वर्ग सर्वांत खाली होता त्याच वर्गास घराबाहेर पडल्यामुळे अक्षर, नियमित वेतन व पेन्शन यांचा लाभ प्रथम झाला. १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध पहिला लेखी अर्ज याच पेन्शनरांतून निघाला.

मुंबई व गिरण्या : १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या पावणेआठ लाख रहिवाशांपैकी सव्वा लाखाच्या वर माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, म्हणजे दर सहा मुंबईकरांत एक रत्नागिरीचा. १९११ मध्ये गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे या एका जिल्ह्याचे होते. १९३१ पर्यंत देशावरचे व उत्तर हिंदुस्थानातील लोक येत गेल्यामुळे हे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आले. गिरणीत शिरकाव जॉबरमार्फत होई आणि जॉबर आपल्या गावची, नात्याची व जातीची माणसे आणी, त्यामुळे गावातील उतरंड खात्यांच्या वाटणीत कायम राहिली. धोट्यातील बाबीन बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. हे निमित्त सांगून अस्पृश्य कामगारांस अधिक वेतनाच्या साचेखात्यात प्रवेश नाकारला जाई आणि त्यांना त्रासनाच्या कामावर समाधान मानावे लागे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला होता.

निवासाची व्यवस्था गावनिहाय असे. एखाद्या गावचे मंडळ लालबाग, परळ किंवा डिलाइल रोडच्या चाळीत एक खोली भाड्याने घेई, तीत वीस-तीस गडी राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. भिंतीकडेने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे आणि कोपऱ्यात गावच्या देवाची तसबीर, एवढे सामान. जेवण बाहेर, मासिक हिशेबाने, बहुधा गावच्याच एखाद्या खानावळवालीकडे. नोकरी सुटलेल्यास, आजाऱ्यास व नव्याने आलेल्या पोरास ही खोली आसरा देई, आणि लग्न जमविणे, तंटे तोडणे, मयताचा खर्च उचलणे ही गावकीची कामेही तेथेच चालत. गिरण्यांखेरीज गोदी, पोलीस, म्युनिसिपालिटी, छापखाने व घरगडी म्हणूनही रत्नागिरीकर सर्वत्र होते. परंतु त्यांच्याविषयीची साधनसामग्री तुटपुंजी आहे.

मुंबईतील आपत्तींच्या वेळी प्रवाह उलटा फिरे. १८९६-९७ च्या प्लेगात लाखो लोकांनी शहर सोडले, त्यांत कोकणाकडे धावणाऱ्यांचा भरणा मोठा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारपुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणीसंपात अडीच लाखांच्या सुमारास कामगार उतरले. पुष्कळांनी संपाचा काळ गावी काढला, आणि अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरूच न झाल्याने त्यांतील कित्येक गावीच राहिले. पुढच्या पिढीने मात्र मुंबईच्या उपनगरांत व ठाण्याकडे पुन्हा वाट धरली. २०२० च्या टाळेबंदीत परतणाऱ्यांविषयी काही गावांत कुरबुरी झाल्या.

समुद्रमार्ग : रेल्वे येण्यापूर्वी सुमारे शतकभर या जिल्ह्याचा मुंबईशी असलेला मुख्य संबंध आगबोटीने राखला. शेफर्ड कंपनीच्या व पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर व तेथून दक्षिणेस विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत. पावसाळ्याचे महिने ही वाहतूक बंद राही. म्हणून मिरगापूर्वी गावी पोहोचून पेरणी उरकावयाची, तर घाटाची दीर्घ वाट धरल्यावाचून नारळी पौर्णिमेपर्यंत परतण्याची आशा करावयाची नाही, असे वर्षाचे वेळापत्रक बोटीने ठरविले होते.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहून भोंगा देई, मग किनाऱ्याहून पडाव सुटत आणि वरखाली होणाऱ्या पडावात शिडीवरून उतरणे हे बायकामुलांना मोठे दिव्य वाटे. हर्णैसारख्या ठिकाणी पडावही वाळूपर्यंत पोहोचत नसे, आणि शेवटचे अंतर उतारूला खारव्याच्या खांद्यावरून काटावे लागे. मुंबईस जाताना वळकटीबरोबर तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुले व सुकी मासळी असे. येताना ट्रंकेत कापडचोपड, साखर व मुलांसाठी बिस्किटे. राज्य परिवहनाच्या मोटारी व मुंबई-गोवा महामार्ग यांनी बोटीचे महत्त्व घटविले, तरी ही सेवा १९८० नंतरच्या दशकापर्यंत कशीबशी चालू होती. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रेल्वेने निर्गमन कमी होईल अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. वर दिलेले २०११ चे आकडे त्या अपेक्षेस दुजोरा देत नाहीत.

मनीऑर्डर व घर : डाकखात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केल्यापासून चाकरमान्याचा पगार वाडीपर्यंत पोहोचू लागला. फॉर्मच्या खालच्या कुपनावर चार ओळींची जागा असे. तीत खुशाली, शेतसारा भरण्याची आठवण, गाईच्या खरेदीची संमती आणि येण्याची तारीख, असा सारा संसार लिहावा लागे, आणि निरक्षर आईस किंवा पत्नीस तो टपालवालाच वाचून दाखवी. पुरुष मुंबईत व शेत स्त्रियांच्या शिरावर, अशी ही विभागणी. लावणी, भारे, कापणी, झोडणी हे सर्व स्त्रियांनी केले. सातबाऱ्यावर नाव मात्र पुरुषाचेच राहिले.

गावचा हिस्सा शाबूत ठेवण्यासाठी चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतो. सामाईक घरातील गणपतीच्या खर्चात भावाभावांचे वाटे ठरलेले असतात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते तेव्हा घराचे दार उघडे असले पाहिजे, असा समज दृढ आहे. वर्षभर कुलूप असलेली घरे या दोन सणांपुरती उघडतात. नमन व जाखडीचे फड मुंबईतही बसले आणि ग्रामस्थ मंडळांनी शाळा, देवळांचे जीर्णोद्धार व पाण्याच्या योजना यांसाठी पैसा उभा केला, त्याबरोबर गावच्या कारभारात मुंबईकरांचा शब्दही वाढला. या वर्चस्वाविषयी गावी राहणाऱ्यांचे मत नेहमीच अनुकूल असते असे नाही.

परदेश : एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठीभाषकांत रत्नागिरीकडील लोक पुष्कळ होते, त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. कोकणी मुसलमान खलाशी म्हणून ब्रिटिश जहाजांवर व व्यवसायासाठी दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केपटाउनला गेले. १९७० नंतर आखाती देश.

आगमन : बाहेरून रत्नागिरीत आलेल्यांपैकी सर्वाधिक कागदपत्रे ज्याच्याविषयी आहेत तो स्वेच्छेने आलेला नव्हता. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास सरकारने १८८६ मध्ये सहकुटुंब रत्नागिरीस आणून ठेवले. रेल्वेपासून दूर असलेले हे बंदर स्थानबद्धतेस सोयीचे होते. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा येथेच निवर्तला. कुटुंब पुढे ब्रह्मदेशी परतले, तरी थोरली राजकन्या रत्नागिरीत राहिली व तिचा वंश सामान्य रत्नागिरीकरांत मिसळून गेला. विनायक दामोदर सावरकर यांनाही १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात राहण्याचे बंधन होते.

स्वातंत्र्योत्तर काळात पोफळी व अलोरे येथील कोयना प्रकल्पाच्या वसाहती, १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि खेड तालुक्यातील लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत यांमुळे घाटावरील नोकरवर्ग आला. गुहागर तालुक्यात दाभोळ वीज कंपनीच्या बांधकामाने माणसांची मोठी गर्दी जमविली. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू होऊन २००१ मध्ये ती बंद पडली आणि गर्दीही ओसरली.

मजुरांची अलीकडील आवक याहून महत्त्वाची, पण कागदावर फारशी न आलेली. ज्या गावांतून तरुण मुंबईस गेले त्याच गावांत आंब्याच्या बागांची राखण व काढणी नेपाळी गडी करतात. चिरेखाणींवर कर्नाटकातील कुटुंबे राबतात आणि मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींवर तांडेल स्थानिक असला तरी खलाशी पुष्कळदा नेपाळचे असतात. बागेच्या कोपऱ्यातील पत्र्याच्या खोपीत राहणाऱ्या या राखणदाराचेही घर, शेत व म्हातारे आईबाप मागे गावी असतात आणि तोही दरमहा पैसे पाठवितो. पावसाळा संपल्यावर मेंढरे घेऊन घाट उतरणारे व मिरगापूर्वी परतणारे देशावरचे धनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्वीपासून येत आले आहेत. कापणी झालेल्या शेतात मेंढरे बसवून त्यांच्या लेंडीखताचा मोबदला धान्यात घेण्याचा त्यांचा रिवाज आहे.